फूटभर माती काढली म्हणजे प्लेटिंगची शेड साफ होत नाही

भोसरी-चाकणच्या उद्योजकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज क्रोम प्लेटिंगची (धातूवर क्रोमचा मुलामा देण्याची) शेड विकायला निघालेल्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी थेट जेसीबीवाल्याला फोन लावला, म्हणून हे लिहितोय. मेसेजमधला सल्ला असा: शेड विकायच्या आधी फूटभर माती काढा, मुरूम टाकून कोबा करा. मातीची तपासणी करू नका, केली की पुराव्याचा कागद तयार होतो. करारात ‘आहे त्या स्थितीत’ लिहा. जमीन एमआयडीसीची, पुढचं ते बघतील.

सगळ्यात घातक आहे ती माती काढण्याची गोष्ट. क्रोम प्लेटिंगच्या टाकीखाली गळणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पाण्यात विरघळतं, ते फुटावर थांबेल कशाला? आम्ल कोबा खातं, पाणी मुरमात उतरतं आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून शेजारच्या बोअरपर्यंत जातं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. नव्या कोब्यातूनही ओल वर चढते आणि सुकली की कडेने पिवळा खार धरतो. शिवाय काढलेली माती जाणार कुठे? नदीकाठी ओतली तर नवा गुन्हा. ती तपासून, रांजणगावसारख्या अधिकृत घातक कचरा केंद्रात मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद) पाठवावी लागते.

‘आहे त्या स्थितीत’ लिहून सुटका होते, हेही खोटं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे, आणि न सांगणं ही फसवणूक धरली जाते. करारात वेगळं ठरवता येतं, हे मान्य. पण वर कोबा घालून दोष झाकला, तर करारातलं ‘आहे त्या स्थितीत’ काय वाचवणार?

तपासणी केली की कागद तयार होतो, हे अर्धं खरं. पण टाकी गळत होती हे तुम्हाला कागदाशिवायही ठाऊक आहेच. तेव्हा नीट करा. टाकीखाली, ड्रेनच्या कडेला, तेलाच्या बॅरलपाशी आणि एका कोऱ्या, म्हणजे कधी काही न सांडलेल्या, कोपऱ्यात हँड ऑगरने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) भोकं घ्या. नमुने अर्ध्या मीटरवर, दीड मीटरवर आणि खडक लागतो तिथे. आपल्या पाषाणात मुळातच क्रोमियम असतं, म्हणून तुलनेला कोरा कोपरा लागतो आणि एनएबीएल (मान्यताप्राप्त) लॅबकडून हेक्साव्हॅलंटचा आकडा वेगळा मागावा लागतो. डिग्रीझिंगचं सॉल्व्हंट (तेल-ग्रीस काढायचं, हवेत उडणारं द्रावण) वापरलं असेल तर काचेची बरणी गळ्यापर्यंत भरून बर्फात न्या. पाच ठिकाणची माती कालवून एकच नमुना दिला, तर सॉल्व्हंट उडून जातं आणि घाण जागा सरासरीत लपते.

एमआयडीसीचं म्हणाल, तर लीज असली तरी सांडलं कोणी हेच विचारलं जातं. दूषित जागांचे २०२५चे नियमही सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावरच टाकतात.

रिपोर्ट करारनाम्याला जोडा, सफाईचा खर्च किमतीतून वजा करा. खणायचं झालं तर कॉलमच्या फुटिंगपासून (पायापासून) अंतर ठेवा, खड्ड्याचा तळ आणि चारही बाजू पुन्हा तपासा, मगच भरा. आणि हे जून लागायच्या आत. उघडा खड्डा पावसाने भरला की ते पाणीही उपसून प्रक्रियेला न्यावं लागतं.