शब्बाथ शनिवारचा की रविवारचा, आणि तुमच्या घरी सुट्टी कोणाला?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद सुरू झालाय. कोणीतरी व्हिडिओ फॉरवर्ड केला की रविवारी उपासना करणारे सगळे ख्रिस्ती दहा आज्ञांतली चौथी आज्ञा (शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळ) मोडतायत, खरा शब्बाथ शनिवार, रविवार हा रोमच्या बादशहाने घुसडला वगैरे. मग लगेच दुसऱ्या बाजूने वचनांवर वचनं, आणि एकाने तर लिहिलं की शनिवार पाळणाऱ्यांचं तारणच (पापातून सुटका) झालेलं नाही. हे वाचून खूप वाईट वाटलं. ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. ख्रिस्ती माणसावर शब्बाथचं बंधन नाही, शनिवारचं नाही आणि रविवारचंही नाही. पण त्या आज्ञेत एक गोष्ट अशी आहे जी दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर सोडलीये आणि ती सोडायची मोकळीक आपल्याला कोणी दिलेली नाही.

आता शनिवारवाल्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्या, कारण ते अजिबात पोकळ नाहीये. पुण्यात ॲडव्हेंटिस्टांच्या (शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ) स्पायसर विद्यापीठाच्या आसपास राहिलेल्यांना माहीत असेल, त्यांच्या कुटुंबात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळी कामं आवरलेली असतात आणि मग शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत दुकान नाही, धंदा नाही, अभ्यास नाही. त्यांचा मुद्दा असा की बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देवाने सातवा दिवस पवित्र केला तेव्हा यहुदी लोक जगात नव्हतेच, मग तो फक्त यहुद्यांचा कसा? दहा आज्ञांपैकी खून करू नको, चोरी करू नको या आपण मानतो, मग चौथीच का गळाली? येशू स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जायचा, लूकच्या चौथ्या अध्यायात लिहिलंय की तशी त्याची रीतच होती. प्रेषित पौलही जायचा. या प्रश्नांना 'ते जुन्या करारात होतं' एवढं एका ओळीचं उत्तर देऊन चालत नाही.

तरीपण मला ते पटत नाही. निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देव सांगतो की शब्बाथ ही माझ्यात आणि इस्राएल लोकांमध्ये खूण आहे. आपल्या कोकणात त्याचा जिवंत दाखला आहे, रायगडकडचे बेने इस्राएल यहुदी शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेलीच म्हणायचे, इतर बरंच काही विसरलं पण शब्बाथ नाही सुटला. ती त्यांची खूण होती आणि त्यांनी ती जपली, मला त्याबद्दल फार आदर आहे. पण यहुदी नसलेले लोक येशूकडे यायला लागले तेव्हा यरुशलेमात प्रेषितांची बैठक बसली (प्रेषितांची कृत्ये 15), यांच्यावर नेमकं काय लादायचं हाच तर विषय होता, आणि शेवटी जे चार नियम पत्रात लिहून पाठवले त्यात शब्बाथ नाही. कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात पौल स्पष्ट सांगतो की सण, अमावास्या, शब्बाथ यावरून कोणी तुमचा न्याय करू नये, या गोष्टी येणाऱ्या गोष्टींची छाया आहेत. आणि पौलाच्या पत्रांत पापांच्या एवढ्या याद्या आहेत, त्यातल्या एकातही शब्बाथ मोडणं नाही.

त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते की पहिल्या मंडळ्यांमध्ये गुलाम किती होते! रोमी मालकाच्या घरातला गुलाम कुठून आणणार आठवड्याची सुट्टी? त्याला ना शनिवार ना रविवार. इसवी सन 112च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमी अधिकारी बादशहाला पत्र लिहून कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. पहाटेच्या आधी का, याचं कारण मला तरी साधं दिसतं, उजाडल्यावर कामाला जायचं असायचं. काम करणं हेच पाप असतं तर त्या मंडळीतली किती माणसं दर आठवड्याला पापात पडली असती, आणि प्रेषितांनी त्यांना तसं एका शब्दानेही म्हटलेलं नाही.

आणि तो व्हिडिओ ज्याच्यावर उभा आहे ती बादशहाची गोष्ट. कॉन्स्टंटाईनने 7 मार्च 321 रोजी रविवारच्या सुट्टीचा कायदा केला हे खरं, न्यायाधीश आणि शहरातल्या लोकांना सुट्टी, शेतकऱ्यांना मात्र काम करायची परवानगी. पण रविवारी जमायची पद्धत त्याने नाही आणली. जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक इसवी सन 150च्या आसपास लिहून गेलाय की आम्ही रविवारी एकत्र येतो, वाचन होतं, प्रार्थना होते, भाकर आणि प्याला होतो, गरिबांसाठी अर्पण जमा होतं. म्हणजे बादशहाच्या दीड-पावणेदोनशे वर्षं आधी. प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मरणातून उठला म्हणून लोक त्या दिवशी जमत होते, इतकं सरळ आहे ते.

पण रविवारवाल्यांनी लगेच खूश होऊ नका. चौथ्या शतकात लावदिकीया (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर) इथल्या चर्च-परिषदेने नियम केला की ख्रिस्ती लोकांनी शनिवारी विसावा घेऊ नये, त्या दिवशी काम करावं. म्हणजे तोपर्यंत कितीतरी ख्रिस्ती शनिवार पाळत होते आणि त्यांना जोर करून थांबवलं गेलं! हे मला अजिबात आवडत नाही. इथिओपियाच्या मंडळीने शनिवार आणि रविवार दोन्हींचा मान आजपर्यंत ठेवलाय, त्यांच्यावर कोणतं आकाश कोसळलं?

आणि आपण ज्याला 'रविवारचा शब्बाथ' म्हणतो तो आपल्याकडे आला कुठून? मी नगरकडचा. अमेरिकन मिशनचे लोक 1813ला मुंबईत आले, 1831ला नगरला बस्तान बसवलं, आणि ते न्यू इंग्लंडच्या (ईशान्य अमेरिका) प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट, परंपरेतले. त्यांच्याकडे रविवार म्हणजे शब्बाथच, सगळे नियम शनिवारवरून उचलून रविवारवर ठेवलेले. आमच्या आजीच्या घरी रविवारी शिवण नाही, खरेदी नाही, पत्ते तर नाहीच नाही, भाकरीसुद्धा शनिवारी रात्री थापून ठेवलेल्या. आजीची भक्ती खरी होती, मी तिला नावं ठेवत नाहीये. पण असं करा हे नव्या करारात कुठे लिहिलंय ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. प्रोटेस्टंट सुधारक लुथरच्या लोकांनी 1530च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (त्यांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात) साफ लिहिलं होतं की शब्बाथच्या जागी रविवार सक्तीचा झाला असं मानणारे चुकतात. आपण प्रोटेस्टंट म्हणवतो आणि हेच विसरतो.

आता मूळ मुद्दा. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा आहेत. निर्गम 20 मध्ये शब्बाथचं कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात कारण वेगळं आहे, तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास याची आठवण ठेव, आणि तुझ्या दासाला, तुझ्या दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा. बैलाला, गाढवाला, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्याला पण. आमोस संदेष्टा चिडतो तो कोणावर? जे शब्बाथ पाळतात पण मनात घोळवत असतात की हा दिवस कधी एकदा संपतोय आणि आपण धान्य विकायला, मापात मारायला मोकळे होतोय, त्यांच्यावर. आणि येशूने शब्बाथवरून जी भांडणं ओढवून घेतली ती सगळी बघा, वाळलेला हात, अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई, भुकेले शिष्य. प्रत्येक वेळी तो दबलेल्या माणसाच्या बाजूने उभा आहे.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये साहेब रविवारी चर्चला जायचा आणि कामगार साच्यावर उभा असायचा. ती सुट्टी मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडेंनी, फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला माणूस, वर्षानुवर्षं झगडून 10 जून 1890 ला मालकांना मान्य करायला लावलं. रविवार खंडोबाचा वार आहे असंही त्यांनी मालकांना सांगितलं होतं म्हणतात. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातलं काम ख्रिस्ती नसलेल्या माणसाने केलं आणि आपल्या उपदेशांत त्यांचं नावसुद्धा येत नाही, हे मला खटकतं.

म्हणून माझा प्रश्न शनिवारवाल्यांना आणि रविवारवाल्यांना एकच आहे. तुम्ही उपासनेला जाता तेव्हा तुमच्या घरी भांडी कोण घासतं? मावशींना महिन्यात किती सुट्ट्या आहेत, पगारी? सोसायटीच्या वॉचमनला आठवड्याची सुट्टी आहे का, की बारा-बारा तासांची ड्युटी सातही दिवस? उपासना संपल्या संपल्या बिर्याणी ऑर्डर करतो ती घेऊन येणारा पोरगा रविवारी जास्त ऑर्डर मिळतात म्हणून रविवारीच घरी बसू शकत नाही. नर्स आहेत, पोलीस आहेत, त्यांना काम करावंच लागणार, त्यांना मी काही म्हणत नाही, उलट मंडळीने त्यांच्यासाठी संध्याकाळची उपासना ठेवावी. पण ज्याला सुट्टी देणं आपल्या हातात आहे त्याला तरी द्या. एक पूर्ण दिवस, पगार न कापता, आणि वार त्यांना ठरवू द्या.

आणि ग्रुपवर ज्यांनी तारणाचा निकाल लावून टाकला त्यांनी रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय उघडून वाचा. कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी. त्यामुळे एखाद्या ॲडव्हेंटिस्ट पोराची परीक्षा शनिवारी आली आणि तो तारीख बदलून मागत असेल तर आपण रविवारवाल्यांनीसुद्धा त्याच्या अर्जावर सही करायला हवी. एमपीएससीचे पेपर रविवारी येतात तेव्हा आपल्याच पोरांची उपासना बुडते, तेव्हा काय वाटतं ते आपल्याला माहीत आहे. पुढच्या महिन्यात आमच्या वडीलमंडळीची (चर्चचा कारभार बघणाऱ्यांची) मीटिंग आहे, चर्चची साफसफाई करणाऱ्या दादांना आठवड्याची पगारी सुट्टी द्यायचा विषय मी लेखी मांडणार आहे. तुमच्या मंडळीत ही व्यवस्था आधीच असेल तर कशी केली ते कमेंटमध्ये सांगा, मला मीटिंगमध्ये दाखवता येईल.