नदीत मासे सोडून नदी जिवंत होत नाही

सॅमन म्हणजे नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढणारा मासा. तो कमी होत चाललाय म्हटलं की पहिला उपाय हमखास सुचतो तो हॅचरीचा. टाक्यांमध्ये अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि लाखांनी नदीत सोडायची. आकडे छान दिसतात, फोटोही छान येतात. माझा या उपायावर विश्वास उरलेला नाही, आणि त्याला कारण आहे अमेरिकेतली क्लॅमथ नदी.

ओरेगनमधून निघून उत्तर कॅलिफोर्नियात पॅसिफिकला मिळणारी ही नदी एके काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनसाठी तिसऱ्या क्रमांकाची होती. युरोक, कारुक, हूपा आणि क्लॅमथ या आदिवासींचं पोट आणि सणवार या माशावर चालत आले. मग विजेसाठी एकामागून एक चार धरणं झाली: कॉप्को १, कॉप्को २, जे. सी. बॉइल आणि १९६४ मध्ये पूर्ण झालेलं आयर्न गेट. आयर्न गेटला मासा वर जाण्याची वाटच ठेवली नव्हती. वरचं शेकडो किलोमीटरचं खोरं तर पहिल्या धरणाच्या कामापासूनच सॅमनला बंद झालं होतं. भरपाई म्हणून आयर्न गेटच्या पायथ्याशी हॅचरी बांधून दिली.

आता सॅमनला काय लागतं ते पाहा. मादी शेपटीने गोट्यांमध्ये खळगा करते, त्यात हजारो अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे सारते. पुढचे काही महिने त्या फटींमधून थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात. बारीक गाळ बसला की गुदमरतात. धरणांनी वरून येणारे गोटे अडवले. पाणी जलाशयात साचून तापलं आणि उन्हाळ्यात त्यावर विषारी निळं-हिरवं शेवाळ माजू लागलं. मोठे लोंढे येईनासे झाले, त्यामुळे खालचा तळ घुसळला जाईना. त्या न हलणाऱ्या तळावर एक बारीक कृमी फोफावला, आणि सॅमनच्या पिल्लांचा जीव घेणारा परजीवी नेमका याच कृमीत वाढतो. अशा पाण्यात लाखो पिल्लं सोडून काय हाती लागणार?

सप्टेंबर २००२ मध्ये तर कहर झाला. नदीत पाणी कमी, तेही कोमट, आणि समुद्रातून आलेले मासे खालच्या पट्ट्यात दाटीवाटीने अडकलेले. त्यात रोग पसरला आणि अधिकृत अंदाजानुसार किमान ३४,००० मासे मेले. बहुतेक चिनूक, म्हणजे सॅमनचीच एक जात, अंडी घालायला निघालेले. मला यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते. एक पिढी मेली आणि पुढची जन्मायच्या आधीच गेली.

त्यानंतर आदिवासींनी पिच्छा सोडला नाही. २००४ मध्ये धरणांची मालकी असलेल्या स्कॉटिश कंपनीच्या भागधारकांसमोर उभं राहायला ते थेट स्कॉटलंडला गेले. २००६ मध्ये धरणं चालवायच्या परवान्याची मुदत संपली. नवा परवाना हवा तर माशांसाठी वाट बांधून देणं भाग होतं, आणि धरणं ठेवण्यापेक्षा पाडणं स्वस्त पडेल असा हिशेब निघाला. म्हणून ‘पर्यावरणवाद्यांनी वीज घालवली’ हा आरोप मला पटत नाही. या चार धरणांमधून शेतीला पाणीही मिळत नव्हतं. तरीसुद्धा अंतिम मंजुरी यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला.

२०२३ मध्ये कॉप्को २ पाडलं, २०२४ मध्ये उरलेली तीन. त्याच वर्षी फेब्रुवारीत, काम सुरू असताना, हॅचरीतली सुमारे ८ लाख ३० हजार पिल्लं वरच्या बाजूला सोडली होती. आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना पाण्याच्या दाबातल्या फरकाने त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे झाले आणि त्यांची प्रचंड मरतूक झाली. आणि ऑक्टोबरमध्ये, शेवटची भिंत जाऊन काही आठवडेच झाले असताना, जे. सी. बॉइलच्या जागेच्याही वर, ओरेगनमधल्या एका उपनदीत चिनूक दिसले. १९१२ नंतर पहिल्यांदाच. त्यांना तिथे कुणी नेऊन सोडलं नव्हतं. ही बातमी वाचून माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पण आता मला धास्ती आहे ती घाईची. क्लॅमथचा चिनूक समुद्रातून परतायला साधारण तीन-चार वर्षं घेतो. म्हणजे २०२४च्या शरदात मोकळ्या नदीत घातलेल्या अंड्यांचे मासे मोठ्या संख्येने दिसायचे ते २०२७-२८ मध्ये. त्याआधी एखादं वर्ष वाईट गेलं की ‘धरणं उगाच पाडली’ अशी ओरड होईल, आणि एखादं चांगलं गेलं की जाळी टाकायची मागणी येईल. कॅलिफोर्नियात समुद्रातली व्यावसायिक सॅमन मासेमारी २०२३ पासून सलग तीन हंगाम बंद राहिली. मच्छीमार कुटुंबांनी याची मोठी किंमत मोजली आहे, म्हणून त्यांना भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळायला हवी. जाळी मात्र नदीतच जन्मलेल्या माशांची गणती पाहूनच टाकावीत. हॅचरीचे मासे त्यात मिसळले की आकडा फुगतो आणि जंगली माशांची घसरण झाकली जाते. शिवाय त्यांच्याशी संकर झाला की जंगली माशांची टिकून राहण्याची ताकद कमी होते.

आणि पाणी! शास्ता आणि स्कॉट या उपनद्यांमधून उन्हाळ्यात सिंचनासाठी इतका उपसा होतो की काही पट्टे जवळजवळ कोरडे पडतात. तिथे किमान प्रवाहाचा नियम दुष्काळापुरता तात्पुरता नको, कायमचा हवा. वर किनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणं अजून उभी आहेत. तिथल्या मासे चढण्याच्या वाटा सॅमनसाठी नीट करून घेण्याचा खर्च पुढच्या हॅचरीच्या आधी मंजूर व्हावा.