‘शाळेला आधी काही सांगू नका’ हा सल्ला मुलाच्या मुळावर येतो

शाळाप्रवेशाच्या दिवसांत फिरणारा एक मेसेज या वर्षी माझ्या बहिणीपर्यंत पोचला. तिने तो खरा धरला आणि मुलाचे तपासणीचे कागद कपाटात ठेवून दिले. म्हणून हे उत्तर. मेसेज थोडक्यात असा: विशेष गरजा असलेल्या मुलाचा शिक्षणाचा हक्क आठवीला संपतो, त्यामुळे हायस्कूल त्याला सरळ नाकारू शकतं. प्रवेश पक्का होईपर्यंत शाळेला काही सांगू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलंत तर कायमचा शिक्का बसेल. परीक्षेच्या सवलतींचं दहावीत बघता येतं. शाळेत स्पेशल एज्युकेटर (विशेष गरजांच्या मुलांना शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक) असला की पुरे. आणि मुक्त विद्यालयात घातलंत तर पुढे कॉलेज नाही.

‘हक्क आठवीपर्यंतच’

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे, हे खरं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं कलम ३१ मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलंच नाही. त्याची सुरुवातच ‘२००९ च्या कायद्यात काहीही असलं तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा वर्षं म्हणजे बारावी आली. शिवाय आपल्याकडे बरीच मुलं पाचवीला किंवा आठवीलाच हायस्कूलमध्ये जातात. तो प्रवेश २००९ च्या कायद्यातच बसतो आणि त्यात प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायलाच मनाई आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत दंड आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. २५ टक्के राखीव जागेवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलाकडे नववीत फी मागितली जाते आणि ती कोणी भरायची यावर वाद होतात. पण फीचा वाद म्हणजे प्रवेश नाकारण्याची परवानगी नव्हे. शाळा ‘नाही’ म्हणाली तर ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर तुम्हीच अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती प्रत घेऊन शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जा. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. नुसत्या तोंडी नकाराविरुद्धची तक्रार टिकवणं कठीण जातं.

‘प्रवेश होईपर्यंत लपवा’

संपूर्ण मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच, आणि लोकांना पटतोही हाच.

प्राथमिक शाळेत एकच वर्गशिक्षिका दिवसाचा बराच वेळ मुलासोबत असते. तिला न सांगताही बरंच कळतं. हायस्कूलमध्ये तासागणिक शिक्षक बदलतात. सात-आठ विषयशिक्षक, आणि प्रत्येकाच्या हाताखाली अनेक वर्गांची शेकडो मुलं. तिथे आपोआप कुणाच्या काही लक्षात येत नाही, फक्त अंदाज बांधले जातात. हळू लिहिणारा आळशी ठरतो. मोठ्याने वाचायला उठवल्यावर अडखळणाऱ्याला ‘अभ्यास करत नाही’ असा शेरा मिळतो. गोंगाटात कानांवर हात ठेवणारा स्वमग्न मुलगा उद्धट ठरतो. दोन सत्रं असे शेरे साचल्यावर तुम्ही फाइल उघडलीत, तर शिक्षकांना ती सबब वाटते. शाळेने लपवाछपवी पकडली असं वातावरण होतं आणि पुढची तीन वर्षं त्याच लोकांशी काम करायचं असतं.

फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे लपवणं जिवावर बेततं. प्रयोगशाळेत बर्नर असतो, सहलीला पाणी असतं. वर्गात फिट आली आणि कुणालाच माहीत नसलं की चपला-कांदे हुंगवण्यापासून तोंडात चमचा कोंबण्यापर्यंत सगळे प्रकार होतात. करायचं एवढंच असतं: मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालयात न्यायचं. हे शिक्षकांना आधी सांगितलेलं असेल तरच घडतं.

तिसरी अडचण कागदांची. बोर्डाच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. ज्या शाळेला नववीपर्यंत काही ठाऊक नव्हतं, तिने घटक चाचणीत कधी जादा वेळ दिलेला नसतो, लेखनिक दिलेला नसतो. मग मुख्याध्यापक शिफारस कशाच्या आधारावर करणार?

काय सांगायचं, तर एक पान पुरतं. निदानाचं नाव एका ओळीत. मग वर्गात प्रत्यक्ष काय दिसतं: ‘फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात.’ कशाने सोपं जातं: ‘पहिल्या बाकावर बसवा, गृहपाठ छापील द्या, तोंडी उत्तर चालवा.’ काय करू नका: ‘अचानक उठवून वाचायला सांगू नका.’ औषधं आणि संपर्काचा क्रमांक. पूर्ण अहवालाची प्रत मुख्याध्यापकांकडे राहू द्या, हे पान प्रत्येक विषयशिक्षकाच्या हातात पडू द्या. आणि दरवर्षी जूनमध्ये नवं पान द्या, कारण शिक्षक बदलतात आणि मूलही बदलतं.

अडचण सांगितल्यावर ज्या शाळेचा सूर बदलतो, ती शाळा तुम्हाला प्रवेशाआधीच कळली तर बरंच ना?

‘सवलतींचं दहावीत बघू’

अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या खास अडचणीचं) प्रमाणपत्र केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आठव्या वर्षापासून मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. चौदावं वर्ष म्हणजे नेमकी आठवी-नववी. तिसरीतला कागद दहावीत काढून दाखवलात तर तो जुना ठरतो आणि सरकारी रुग्णालयातली तारीख मिळेपर्यंत प्रस्तावाची मुदत उलटते. म्हणून आठवीतच नंबर लावा.

लेखनिकाचंही तसंच. दर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास मिळतात, पण दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. गणिताची पायरी शब्दांत सांगायची, आकृतीतली नावं कुठे लिहायची ते सांगायचं, शुद्धलेखन सुचवायचं. सरावाशिवाय मूल लेखनिकाचं तोंड बघत बसतं आणि जादा वेळ वाया जातो. नववीच्या पहिल्या चाचणीपासून प्रत्येक परीक्षा तशीच द्यायला हवी.

गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची सवलत मात्र घाईने घेऊ नका. त्याने दहावी सुटते, पण अभियांत्रिकीसारख्या वाटा बंद होतात.

‘प्रमाणपत्र म्हणजे शिक्का’

प्रमाणपत्र जिथे लाभ हवा तिथेच दाखवायचं असतं. नववी-दहावीची केंद्रीय शिष्यवृत्ती आणि पुढे उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण त्याशिवाय मिळत नाही. एक मर्यादा मात्र आहे: फक्त एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असेल तर तो २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. पण अशा मुलांत अध्ययन अक्षमता बऱ्याचदा सोबत असते, तिची तपासणी करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट बंधनकारक नसल्याचं म्हटलं आहे. तो खटला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा होता, तरी अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

‘स्पेशल एज्युकेटर असला की पुरे’

पुरे नाही. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे (अशा शिक्षकांची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) नोंदलेला आहे का आणि एकट्याकडे किती मुलं आहेत, हे विचारा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये माध्यमिक स्तराला १५ मुलांमागे एक हे प्रमाण सांगितलं आहे. गेल्या वर्षी या शाळेतून बोर्डाकडे सवलतींचे किती प्रस्ताव गेले, हा प्रश्न माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जातो. शाळा मधल्या सुट्टीत बघा. नववी-दहावीचे वर्ग कितव्या मजल्यावर आहेत, व्हीलचेअर शौचालयाच्या दारातून आत जाते का, ते स्वतः जाऊन पाहा.

‘मुक्त विद्यालय म्हणजे कॉलेज बंद’

साफ खोटं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी इतर मंडळांच्या दहावीच्या बरोबरीची आहे आणि त्यावर अकरावीला प्रवेश मिळतो. पाच विषय लागतात, गणित सक्तीचं नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एका वेळी दोन विषयही देता येतात. किमान वय १४. खरी अडचण वेगळी आहे: रोजची शाळा नसते. मूल घरी बसतं, मित्र तुटतात आणि अभ्यासाचा सगळा भार आईवर येतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी आठवड्यातले किमान चार-पाच दिवस मूल कुठे, कुणासोबत शिकणार हे ठरवा. ते ठरत नसेल तर आहे त्या शाळेचा दाखला काढू नका.