ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या आधी काय अंधारयुग होतं?

सिस्टिम ॲडमिन मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. मजकूर साधारण असा: '२००० सालापर्यंत जितके सर्व्हर तितके पासवर्ड. मग मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह डिरेक्टरी काढली आणि डिरेक्टरी सर्व्हिस जन्माला आली. नोव्हेलचं तंत्र मागासलेलं, म्हणून ती बुडाली. आता क्लाउड आलाय, डिरेक्टरीचा जमाना संपला. आणि हो, प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर पूर्ण प्रत असते, वेगळा बॅकअप कशाला?' खाली टाळ्यांचे इमोजी. (डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या युजर, ग्रुप आणि मशीनची मध्यवर्ती नोंदवही. एका वहीखालचा पसारा म्हणजे डोमेन, आणि ती वही सांभाळून लॉगिन तपासणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर.)

पहिल्या वाक्यात अर्धं सत्य आहे. नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर ३ या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सर्व्हरची आपली स्वतंत्र वही असायची, तिला बाइंडरी म्हणत. नवा माणूस रुजू झाला की पाच सर्व्हरवर पाचदा खातं उघडा, आणि तो गेला की पाचही ठिकाणी आठवणीने बंद करा. आठवण नेमकी चौथ्या सर्व्हरवर दगा द्यायची. पण याच काळात बॅन्यन कंपनीच्या व्हाइन्स या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रीटटॉक हे डिरेक्टरीचं तंत्र होतं. त्यात नाव तीन भागांचं: व्यक्ती, गट, संस्था. युजर कुठल्या सर्व्हरवर नोंदलाय हे त्याला ठाऊक असायची गरज नव्हती. अमेरिकेचं मरीन कोअर व्हाइन्सच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक होतं. युनिक्सवाल्यांकडे सन कंपनीचं 'यलो पेजेस' हे तसंच तंत्र होतं. त्या नावावर ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघाल्याने त्याचं एनआयएस झालं, तरी कमांड्स आजही 'वायपी'नेच सुरू होतात. सुरक्षेच्या बाबतीत मात्र तो प्रकार उघडाबोडका होता, हे मान्य.

'जन्माला आली' हे वाक्य सगळ्यात जास्त खटकतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर आली. तिचं सामान उघडून बघा. झाडासारखी रचना १९८८ च्या एक्स.५०० या डिरेक्टरीच्या मानकातली. ते मानक इतकं अवजड की साध्या पीसीला झेपेना. म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम होव्स आणि सहकाऱ्यांनी टीसीपी/आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या भाषेवर, चालणारा हलका मार्ग काढला. तोच एलडॅप, त्याचा पहिला आरएफसी (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) १९९३ चा. सुरुवातीला तो एक्स.५०० च्या दारातला नुसता दुभाषा होता, पुढे स्वतःच घर मांडून बसला. ओळख पटवणारं कर्बेरॉस एमआयटीच्या प्रोजेक्ट अथीनातलं. नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायला डीएनएस, तेही १९८३ पासूनचं. डेटाबेसचं इंजिन तेवढं घरचं, एक्स्चेंज या त्यांच्याच मेल सर्व्हरमधून आणलेलं.

मायक्रोसॉफ्टचं श्रेय नाकारायचं नाही. हे सगळं एकत्र जुळवून, वर ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एका जागेवरून नियम लावायची सोय) देऊन, ते सामान्य ॲडमिनच्या हाताला येईल असं करणं सोपं नव्हतं. त्यांना घाईही होती, कारण त्यांचं स्वतःचं विंडोज एनटीमधलं जुनं डोमेन रडवत होतं. बदल फक्त प्रायमरी कंट्रोलरवर करता येत. तो बंद पडला की बॅकअप कंट्रोलर लॉगिन करून देत, पण पासवर्ड बदलणं थांबलं. दोन डोमेनमधले ट्रस्ट (दुसऱ्याचे युजर मान्य करायची जोडणी) एकतर्फी, आणि 'मित्राचा मित्र तो आपला मित्र' हा हिशेब तिथे चालत नसे. दहा डोमेनना एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवायचा तर नव्वद ट्रस्ट हाताने जोडा!

नोव्हेल मागासलेली? १९९३ च्या नेटवेअर ४ मध्ये एनडीएस हे त्यांचं डिरेक्टरीचं तंत्र आलं. एकदा लॉगिन केलं की झाडातले सगळे सर्व्हर आपले, झाडाचे तुकडे करून वेगवेगळ्या सर्व्हरवर प्रती ठेवायची सोय, आणि एका विभागापुरते अधिकार एखाद्याच्या हाती देता येत. मायक्रोसॉफ्टला हे द्यायला आणखी सात वर्षं लागली. एनडीएसमध्ये त्रास होता. आपला 'कॉन्टेक्स्ट' (झाडातली आपली जागा) काय हे युजरला समजावता समजावता घसा सुकायचा. पण घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं. ॲप्लिकेशन्स एनटीकडे सरकत होती, नोव्हेल आयपीएक्स या आपल्या जुन्या नेटवर्क-भाषेला चिकटून राहिली, आणि टीसीपी/आयपी अस्सल स्वरूपात यायला १९९८ चं नेटवेअर ५ उजाडलं. मग एक्स्चेंज २००० आलं, आणि त्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरी लागायचीच. मेल हवी तर डिरेक्टरी घ्या. तिथे तांत्रिक तुलना करत कोण बसतंय?

क्लाउडबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर एडी या क्लाउड डिरेक्टरीचं नाव २०२३ मध्ये एंट्रा आयडी झालं. त्यात ओयूंची (विभागवार कप्प्यांची) उतरंड नाही आणि त्याच्याशी थेट एलडॅपने बोलता येत नाही, हे खरं. पण युजर आणि ग्रुपची मध्यवर्ती नोंद तिथेही आहेच, आणि पुष्कळ कंपन्यांत ती अजूनही आतल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून सिंक होऊन वर जाते.

आता बॅकअपचं. सगळीकडे प्रत असणं एक सर्व्हर जळाला तर कामाचं. चूक झाली तर तीही इमानेइतबारे सगळीकडे पोचते, आणि सगळे एकदम गेले तर प्रतही गेली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. दीडशेच्या आसपास होते, आणि ते एकमेकांचे बॅकअप असं गृहीत धरलेलं. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. डेटा नेटवरून ब्रिटनला पाठवायचा तर कित्येक दिवस लागले असते, आणि घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्यांच्यापैकी एकजण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनच्या विमानात बसला.