रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची? नका ठेवू!

श्रावणात रत्नागिरीला घरी गेलो होतो. सकाळी सव्वासातला गॅरेजमधून गाडी घुरघुरायला लागली, म्हणून बघायला गेलो. बाबा बनियनवर, हातात चहाचा कप. पाऊस आत येऊ नये म्हणून शटर कंबरेपर्यंत ओढलेलं. गाडी न्यूट्रलला, हेडलाइट लावलेले, एसी चालू, रेडिओवर भक्तिगीतं. सायलेन्सरखाली लादीवर काळ्या पाण्याचं थारोळं साचलेलं. बाबा कौतुकाने म्हणाले, “बघ, इंजिनातली घाण कशी बाहेर पडतेय!”

मग मोबाइल दाखवला. आत्याने पाठवलेला फॉरवर्ड. वर “अनेकदा फॉरवर्ड केलेला” अशी खूण, खाली कुणा निवृत्त मोटार वाहन निरीक्षकाचा हवाला, नाव अर्थातच नाही. “उभी गाडी म्हणजे बसून राहिलेला माणूस, सांधे धरणारच,” अशी सुरुवात आणि पुढे सूचना. रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, डिझेल असेल तर वीस. त्या वेळी एसी, लाइट, म्युझिक सगळं लावा, म्हणजे “सर्व पार्ट्सना व्यायाम होतो”. सायलेन्सरमधून पाणी आलं की इंजिन ठणठणीत. टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवा. हँडब्रेक घट्ट ओढा. बॉनेटमध्ये डांबरगोळ्या टाका. शेवटी “जनहितार्थ पुढे पाठवा”.

बाबांचं वय चौऱ्याहत्तर. बाजार जवळ, दवाखाना जवळ, त्यामुळे गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघाली तर निघाली. असल्या गाडीची काळजी वाटणं साहजिक आहे. माझा राग त्या काळजीवर नाही. जवळजवळ दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी इमाने इतबारे स्वतःच्या गाडीचं नुकसान करत होता, त्यावर आहे.

आधी ते पाणी. सायलेन्सरमधून पाणी गळलं की लोकांना काय आनंद होतो, मला कळत नाही. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो, दुसरं काही नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रस्त्यावर नीट चालली की सायलेन्सर तापतो आणि ती वाफ तशीच बाहेर निघून जाते. थंड गाडीत ती गार पत्र्याला लागते आणि तिथेच पाणी होते. छोटी गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटांत शंभरेक मिलिलिटर पेट्रोल खाते, म्हणजे रोज अर्धा कप पाणी. त्यातलं लादीवर दिसतं ते थोडंसं. बाकीचं काही वाफ होऊन जातं आणि काही सायलेन्सरच्या मागच्या डब्यात काजळीसकट बसून राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. कोकणातला पावसाळा बाहेरून पत्रा खातोच, आतून खायची सोय बाबांनी स्वतः केली होती.

पाण्यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली आणि दोन थेंब पडले, तर घाबरायचं कारण नाही. पण ते इंजिन ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट नाही. सायलेन्सर गार आहे, एवढंच ते सांगतं.

आता इंजिन ऑइल. लोक म्हणतात, “उभ्या गाडीचं ऑइल खाली उतरतं, इंजिन कोरडं पडतं.” उतरतं, खरं आहे. पण धातूवर पातळ थर राहतो आणि पंधरा-वीस दिवसांत इंजिन काही कोरडंठाक होत नाही. उलट इंजिनाची झीज ज्या क्षणी जास्त होते तो क्षण म्हणजे थंड इंजिनाला सेल्फ मारण्याचा. महिन्यात दोनदा गाडी काढणाऱ्याने दोनदा ते केलं. बाबांनी तीस वेळा केलं, तेही इंजिनाचं भलं व्हावं म्हणून! शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. वाफेतलं पाणीही तिथे पोचतं. ऑइल चांगलं तापलं तर हे दोन्ही उडून जातं. दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर सरकलेला दिसतो खरा, पण तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ओनर्स मॅन्युअल असतं. बाबांचं अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. ते काढलं. त्यात ‘कठीण वापर’ कशाला म्हणायचं ते दिलेलं असतं. घाट, धूळ यांच्याबरोबर वारंवार छोट्या फेऱ्याही त्यात येतात आणि अशा वापरात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. दोनशे मीटरची फेरी मारून येणं जर गाडीला कष्टाचं, तर शून्य मीटरची फेरी काय असेल?

त्याच मॅन्युअलमधली दुसरी सूचना बाबांना मी मोठ्याने वाचून दाखवली. गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नका. कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरून बसतं. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो पित्त झालं असेल. बाबांचं उत्तर तयार होतं: “आताच्या गाड्यांना कन्व्हर्टर असतो, प्रदूषण होत नाही.” असतो ना, धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा. पण तो तापल्याशिवाय काम करत नाही, आणि थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटांतच धूर सगळ्यात घाण असतो. म्हणजे जी मिनिटं कन्व्हर्टरची नाहीत, नेमकी तीच आमच्या गॅरेजमध्ये, शटर अर्धं लावून. आणि गॅरेजचं आतलं दार उघडतं थेट स्वयंपाकघरात, जिथे आई त्या वेळी चहा करत उभी असते. आईचं सकाळी डोकं दुखायचं. ते यानेच दुखायचं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तिला चष्म्याचा नंबरही बदलायचा होता. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्या त्या ‘निरीक्षकाला’ गॅरेज या शब्दापुढे एक ओळ लिहावीशी वाटली नाही, याचा मला संताप येतो. बाकी सगळं सोडा, हा एक मुद्दा तरी आपापल्या घरी सांगा.

बॅटरी. इथे लोक दोन्ही टोकांना बोलतात. एकदा सेल्फ मारला की सगळी बॅटरी जाते हेही खरं नाही. दीडशे अँपिअर ओढले तरी ते सेकंदभर. उभ्या गाडीची बॅटरी उतरते ती अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर यांना चोवीस तास लागणाऱ्या थेंबथेंब विजेने. समजा ३० मिलिअँपिअर. दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या जवळ, महिन्याला एकवीस-बावीस. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे महिनाभरात निम्म्याहून जास्त गेली, आणि जुनी असेल तर सकाळी नुसतं टक-टक ऐकायचं. दहा मिनिटांत थोडं चार्जिंग होतं, नाही म्हणत नाही. पण एसी, हेडलाइट, रेडिओ सगळं लावल्यावर उभ्या गाडीत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा) बॅटरीला देणार काय? एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्या हाताने ताट ओढायचं! महिनाभर गाडी काढणारच नसाल तर १० नंबरचा पाना घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. घड्याळ वगैरे पुन्हा लावावं लागेल, एवढंच.

डिझेलवाल्यांना वीस मिनिटांचा सल्ला तर कहर आहे. बीएस-६ (प्रदूषणाचे २०२० पासूनचे नियम) डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला धूर खूप गरम व्हावा लागतो, आणि ते होतं मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी पळवल्यावर. (मुंबई-गोवा हायवेवर मोकळा रस्ता कुठे, हे विचारू नका.) उभ्या उभ्या घुरघुरत ठेवलं की फिल्टर नुसता भरत जातो. समोरच्या बंगल्यातल्या काकांच्या डॅशबोर्डवर फिल्टर भरल्याचा दिवा लागला तेव्हा त्यांना वाटलं, सर्व्हिसिंगची आठवण असेल.

बाकीचे मुद्दे पटापट. पेट्रोल जुनं होतं, बरोबर. आता पंपावर इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, हेही बरोबर. पण म्हणून टाकी रिकामी ठेवायची? रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा जास्त. गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली बरी. हँडब्रेक पावसाळ्यात घट्ट ओढून ठेवला की मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. टायरमधली हवा हळूहळू कमी होतेच, काढायच्या आधी तपासा. डांबरगोळ्यांनी उंदीर जातात की नाही ते उंदरांना विचारा, पण ८० अंशांना वितळणारी, पेट घेणारी वस्तू तापलेल्या इंजिनाशेजारी ठेवू नका. एसी अधूनमधून लावावा, हे मात्र त्या माणसाचं बरोबर आहे, सील कोरडे पडत नाहीत. मनाविरुद्ध कबूल करतो. फक्त गाडी चालवताना लावा.

दिवाळीत गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने मागच्या सायलेन्सरवर स्क्रूड्रायव्हरने टकटक केलं, तिसऱ्या ठोक्याला टोक आत गेलं. “बाहेरून नाही हो काका, आतून कुजलाय.” बाबा वाकून बराच वेळ त्या भोकाकडे बघत होते. नवा बसवला. आता दर दुसऱ्या रविवारी ते आईला घेऊन पावस गावी, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात जाऊन येतात. जाऊन-येऊन सगळं तापतं, बॅटरी भरते, आईचं दर्शनही होतं.

गेल्या आठवड्यात आत्याने तोच फॉरवर्ड पुन्हा पाठवला. बाबांनी उत्तरादाखल त्या भोकाचा फोटो टाकला. आत्याने त्याला हात जोडले आणि विचारलं, “कुठल्या देवळातला आहे रे?”