कोल्हापुरी चपलेचा पारखी

लॅब्राडॉरच्या पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, ही माहिती प्राण्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत दिली होती. परंतु हे 28 दात एका दुपारच्या झोपेच्या अवधीत काय काय करू शकतात, याविषयी त्यांनी मौन पाळले होते. साधारण चौथ्या महिन्यापासून हे दात पडू लागतात, सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात आणि मधल्या काळात हिरड्या अशा काही शिवशिवतात की, काहीतरी चावल्यावाचून पिल्लाला चैन पडत नाही. हे सगळे आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार एवढीच आहे की, आमचा बंडू 'काहीतरी' कधीच चावत नाही. तो निवडून, वास घेऊन, दोनदा विचार करून चावतो.

त्याच्यासाठी आणलेली रबरी हाडे, दोरखंडाच्या गाठी आणि दाबल्यावर केविलवाणा आवाज करणारे बदक कोपऱ्यात नव्यासारखे पडून आहेत. उलट टीव्हीचा रिमोट, माझ्या चष्म्याची डावी काडी, मुलीच्या दप्तराचा पट्टा आणि आमच्या सौभाग्यवतींच्या ऑफिसच्या पर्सचा कान या वस्तू त्याने यथासांग संपवल्या. यामागचे कारण असे की, ज्या वस्तूला आपला हात वारंवार लागतो तिला आपल्या घामाचा वास असतो आणि पिल्लाला मालकाचा वास फार प्रिय असतो. थोडक्यात, चावणे हा प्रेमाचाच एक प्रकार ठरतो. ही उपपत्ती घरात समजल्यावर निराळाच पेच उभा राहिला. आईची एकही वस्तू त्याने तोवर चावली नव्हती. "रोज तूप लावून पोळी मी घालायची आणि मेल्याने चष्मा तुझा चावायचा!" असे ती उघडपणे म्हणू लागली. अखेर एका एकादशीला बंडूने तिची जपाची गोमुखी फाडली, तेव्हा ती वरवर पुष्कळ रागावली. पण संध्याकाळी भजनी मंडळातल्या प्रत्येकीला ती फाटकी गोमुखी मुद्दाम दाखवण्यात आली.

माझ्या कापशी घाटाच्या कोल्हापुरी चपलांचे प्रकरण मात्र प्रेमाच्या पलीकडचे होते. अस्सल कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तिची शिलाई चामड्याच्याच वादीने करतात आणि तिच्यात लोखंडाचा एक खिळाही नसतो. म्हणजे पिल्लाच्या दृष्टीने पाहिले, तर ती पादत्राणाच्या रूपात मांडलेली उत्कृष्ट मेजवानीच होय. बंडूने ती घाईने खाल्ली नाही. आधी वेणी उसवली, मग गोंडा गिळला, त्यानंतर अंगठ्याची वादी दाढेखाली धरून सावकाश कुरतडली आणि शेवटी उरलेला तळ भिजलेल्या पापडासारखा मऊ करून दिवाणाखाली जपून ठेवला. शेजारीच मी रस्त्यावरच्या गाड्यावरून घेतलेला 'कोल्हापुरी' जोड होता. त्याला त्याने एकदा हुंगले, शिंक दिली आणि तोंड फिरवले. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले. पण खरा माल ओळखण्यासाठी आमच्या घरी बंडूइतका स्वस्त परीक्षक दुसरा नाही. गोंडा पोटात गेल्यामुळे आम्ही धावत डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा तेही आधी "खिळा नव्हता ना?" असेच विचारते झाले आणि नव्हता हे कळल्यावर चपलेच्या कारागिराविषयी त्यांच्या मुद्रेवर आदर उमटला. गोंडा दोन दिवसांनी यथामार्ग बाहेर आला. त्याचे वर्णन येथे करीत नाही.

उपायांची मात्र सोसायटीत टंचाई नव्हती. तळमजल्यावरच्या काकांनी "त्याला एक जुनी चप्पल देऊन टाका, म्हणजे नव्याला तोंड लावणार नाही" असे सुचवले. जुनी कोणती आणि नवी कोणती हे चपलेवर लिहिलेले नसते आणि लिहिलेले असले तरी बंडूला वाचता येत नाही, हे काकांना पटवण्यात एक रविवार गेला. कोणी तिखट लावायला सांगितले. त्याने तोंडाची आग होते, म्हणून डॉक्टरांनी साफ नकार दिला. सौभाग्यवतींनी सोफ्याच्या पायाला कारल्याचा रस लावला आणि बंडूने तो मन लावून चाटला. आमच्या मुलीने जन्मात कारले खाल्लेले नाही, तेव्हा त्या दिवसापासून जेवताना तिला बंडूचे उदाहरण देण्यात येते आणि दोघांचे संबंध त्यामुळे थोडे बिघडले आहेत. उपयोग झाला तो फ्रीजरमध्ये गारठवलेल्या गाजराचा आणि ओला करून, गाठ मारून गोठवलेल्या पंचाचा. हिरड्यांना गारवा मिळतो आणि चावल्याचे समाधानही होते. फक्त बर्फ काढायला गेलेल्या पाहुण्यांच्या हाती आमरसाच्या डब्यामागून आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, पंचा लागला की खुलासा करता करता सरबत गरम होते.

रागावण्याचा मार्ग तर आधीच बंद झाला होता. चपलेचे अवशेष समोर धरले की बंडू कान पाडून, डोळ्यांचे पांढरे दाखवून असा काही अपराधी चेहरा करतो की, त्याने वकील नेमला असावा असे वाटते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, हा चेहरा गुन्ह्याशी संबंधित नसतो. मालक रागावला की कुत्रे तो करते, मग त्याने काही केलेले असो वा नसो. आम्ही पडताळा घेतला. बंडू गाढ झोपेतून उठत असताना अण्णा उगाचच "काय केलंस रे हे?" म्हणून ओरडले. बंडूने तत्क्षणी तोच चेहरा केला. शेजारी पेपर वाचत बसलेल्या माझ्याही चेहऱ्यावर तेच भाव होते, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

परवा कोल्हापूरला जाणे झाले, तेव्हा चपलांच्या गल्लीतल्या दुकानात मी अत्यंत संकोचाने विचारले, "फक्त उजवी मिळेल का हो?" दुकानदाराने माझ्या पायांकडे पाहिले. दोन्ही पाय जागेवर असल्याची खात्री करून तो म्हणाला, "कुत्रं पाळलंय व्हय?" मी मान डोलावली. त्याने खोक्यातून नवा जोड काढून काउंटरवर ठेवला.

"जोडच न्या, साहेब. घरातल्या डावीचीबी पाळी येनारच की."