टिबाल्टच्या एकट्याच्या माथी मारू नका

‘युवारंग’ या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की जळगाव-धुळ्याच्या नाटकवाल्या पोरांत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’वरचा एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं असं: पहिले दोन अंक गोड प्रेमकथा, तिसऱ्यात अचानक तलवारी, रोमिओचा चुलतभाऊ बेन्व्होलिओ सज्जन, ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट माथेफिरू, सगळं वाटोळं त्यानेच केलं. हे वाचून पोरं टिबाल्टला पहिल्याच प्रवेशात बेंबीच्या देठापासून ओरडायला लावतात.

‘अचानक तलवारी’ तर साफ चूक. नाटक उघडतं तेच रोमिओचे मॉन्टेग्यू आणि ज्युलिएटचे कॅप्युलेट या दोन वैरी घराण्यांच्या नोकरांच्या भांडणावर. बेन्व्होलिओ भांडण सोडवायला तलवार उपसतो. टिबाल्टला दिसते फक्त उपसलेली तलवार. पुन्हा दंगा कराल तर दंड जिवाने भराल, असं राजा तिथेच बजावतो.

माथेफिरूचं म्हणाल, तर मेजवानीचा प्रवेश नीट वाचा. मुखवट्याआडूनही टिबाल्ट आवाजावरून रोमिओला, म्हणजे शत्रूला, ओळखतो, तलवार मागवतो. ज्युलिएटचा बाप, म्हातारा कॅप्युलेट, त्याला अडवतो: रोमिओचं गावात नाव चांगलं आहे, माझ्या घरात तमाशा नको. तरी ऐकेना, तेव्हा ‘उद्धट पोरा’ म्हणून झापतो आणि मधूनच पाहुण्यांशी हसून बोलतो. टिबाल्ट निघून जातो. आज गोड वाटणारं रोमिओचं हे घुसणं पुढे कडू होईल, एवढं बोलून. तो विंगेत पोचतो न पोचतो तोच रोमिओ ज्युलिएटचा हात धरतो. प्रेक्षक बघतो प्रेम, पण त्याचा एक कान विंगेकडे असतो. तणाव चढतो तो या गिळलेल्या अपमानातून. नटाने आधीच घसा फोडला असेल तर इथे गिळणार काय?

तिसऱ्या अंकात ऊन मी म्हणतंय. बेन्व्होलिओ म्हणतो, घरी चला, अशा उन्हात रक्त भडकतं. ४५ अंश सोसणाऱ्या भुसावळकराला हे समजावायला नको! रोमिओला आव्हानाचं पत्र टिबाल्टनेच धाडलं होतं, खरं. पण तो येतो ते ‘जरा बोलायचंय’ म्हणत. बोलण्यासोबत एक तडाखाही होऊ दे, हे रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याचं. रोमिओ लढत नाही म्हणून तलवार आधी काढतो तोही मर्क्युशिओच, जो दोन्हीपैकी कुठल्याच घराण्याचा नाही, राजाचा नातलग आहे. रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्या हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्युशिओला बसतो. वाराला भ्याड म्हणा, माझी हरकत नाही. पण त्या दुपारी कुरापत टिबाल्टने एकट्याने काढलेली नाही.

राहिला सज्जन बेन्व्होलिओ. या मारामारीची राजापुढे साक्ष देताना तो मर्क्युशिओची ती चिथावणी बेमालूम गाळतो. हा मॉन्टेग्यूंचा नातलग, खोटं बोलतोय, असं ज्युलिएटची आई भर रस्त्यात सांगते, आणि तिचं अगदीच चूक नसतं. बेन्व्होलिओ करणाऱ्या पोराने ही साक्ष घडाघडा म्हणू नये, थोडं अडखळावं. त्यानंतर शेक्सपिअर त्याला रंगमंचावर पुन्हा आणतच नाही.